एक डिस्क, चार सर्व्हर आणि जीएफएस२ ची एक ओळ

समजा, पणजीतल्या एका कार्यालयात चार सर्व्हर एकाच सामायिक डिस्कला जोडलेत. तिथे ईएक्सटी४, म्हणजे एकाच सर्व्हरसाठी असलेली लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम, वापरली तर घात होतो. कुठला ब्लॉक रिकामा आहे याचा हिशेब प्रत्येक सर्व्हर आपल्याच मेमरीत ठेवतो. दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच वहीत फेरफार नोंदवावेत, तसं होतं. जीएफएस२ ही अनेक सर्व्हरांनी एकच डिस्क वापरण्यासाठीची फाइल सिस्टीम; ती लिहिण्याआधी लॉक घेते, म्हणजे तेवढा भाग इतरांपासून राखून ठेवते. ती २००६ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे.

ती तयार करायची ओळ (टाइप करताना रोमन लिपीत):

एमकेएफएस.जीएफएस२ -पी लॉक_डीएलएम -टी मांडवी:नोंदी -जे ४ /डेव्ह/व्हीजी१/साठा

ही ओळ एकाच सर्व्हरवरून, एकदाच चालवायची. दुसऱ्यावर पुन्हा चालवलीत तर पहिली फाइल सिस्टीम गेलीच.

-पी नंतरचं लॉक_डीएलएम म्हणजे लॉक डीएलएमकडून, सर्व्हरांमध्ये लॉक वाटणाऱ्या यंत्रणेकडून, घ्यायचे. -टी मध्ये कोलनच्या आधी क्लस्टरचं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या या सर्व्हरांच्या गटाचं, नाव येतं. ते कोरोसिंकच्या (क्लस्टर जोडून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमधल्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं, नाहीतर माउंट होत नाही, म्हणजे फाइल सिस्टीम वापरासाठी जोडली जात नाही. चुकलंच तर ट्यूनजीएफएस२ ने बदलता येतं. कोलननंतरचं नाव त्या क्लस्टरमध्ये दुसऱ्या कुठल्या फाइल सिस्टीमला दिलेलं नसावं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते -जे पाशी. माउंट करणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचं जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवायची डिस्कवरची जागा, लागतं. तीनच केलीत आणि चौथा सर्व्हर आला, की फक्त ३ जर्नल आहेत (० ते २), असं सांगून कर्नल माउंट नाकारतो. मग चालू माउंटवरच जीएफएस२_जेॲड -जे १ चालवून एक वाढवावं. जागा मात्र शिल्लक हवी, म्हणून सुरुवातीलाच एकदोन जास्त ठेवलेली बरी. कॅपिटल -जे वेगळा: तो जर्नलचा आकार मेगाबाइटमध्ये ठरवतो, किमान ८. तिथे १२८ दिले तर चार जर्नल मिळून ५१२ मेगाबाइट जातात. कॅपिटल -ओ दिला की खात्री न विचारताच डिस्क पुसली जाते. सवयीने तो लावू नका.

जीएफएस२ वाढवता येते, लहान करता येत नाही.

आता पावसाळ्याचं. जूनमध्ये एका सर्व्हरची वीज गेली, की तो खरंच बंद झाल्याची खात्री होईपर्यंत डीएलएम लॉक देणं थांबवतं. त्याला बाहेरून बंद करून ही खात्री करणं म्हणजे फेन्सिंग. ते फक्त त्या सर्व्हरच्याच मॅनेजमेंट कार्डावर (सर्व्हर दूरवरून बंद-चालू करणाऱ्या कार्डावर) ठेवलं असेल तर कार्डाचीही वीज गेलेली असते, उत्तर येत नाही, आणि उरलेले तिन्ही सर्व्हर त्या माउंटवर लटकून राहतात. म्हणून यूपीएसवर चालणाऱ्या, दूरवरून बंद करता येणाऱ्या पॉवर स्ट्रिपचं फेन्सिंग दुसऱ्या पातळीवर, म्हणजे पहिलं फसलं तर वापरायला, ठेवाच. ते पूर्ण झालं की उरलेल्यांपैकी एक सर्व्हर पडलेल्याचं जर्नल वाचून अर्धवट नोंदी मार्गी लावतो आणि काम पुन्हा सुरू होतं.