ध्वनिमुद्रिकेतले गाणे आणि मंचावरचे गाणे : जुन्या रॉक बँडच्या बदलत्या सादरीकरणाची पार्श्वभूमी

पन्नास-साठ वर्षे टिकून राहिलेले रॉक बँड आज आपली गाजलेली गाणी मैफलीत वाजवतात, तेव्हा त्यांतले क्वचितच एखादे ध्वनिमुद्रिकेवर आहे तसे ऐकू येते. पट्टी खाली आलेली असते, लय बदललेली असते, एखादी ओळ गळालेली असते, नाहीतर चार मिनिटांचे गाणे दुपटीने लांबलेले असते. श्रोते आणि समीक्षक याचे कारण बहुधा कलावंतांच्या वयात शोधतात. वयाचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. पण कालक्रमाने पाहिले तर ते सर्वांत शेवटी आलेले कारण आहे. हे वादक विशी-पंचविशीत होते तेव्हाच त्यांची गाणी मंचावर बदलू लागली होती, आणि मधल्या काळात यंत्रांनी तो बदल काही प्रमाणात रोखूनही धरला होता.

गाणे बदलले असे म्हणताना आपण ध्वनिमुद्रिकेवरचे रूप मूळ म्हणून गृहीत धरतो. ते रूप मात्र सात इंची तबकडीची क्षमता आणि रेडिओ केंद्रांची सोय यांनी बऱ्याच अंशी ठरवलेले होते. एकल गाणे (स्वतंत्र तबकडीवर विकले जाणारे ‘सिंगल’) तीन मिनिटांच्या आसपास संपावे हा व्यापाराचा संकेत होता, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बँड मैफलीतही तोच पाळत. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे 55 हजार लोकांपुढे बीटल्सने वाजवले, तेव्हा वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर मंचावर नव्हते आणि श्रोत्यांच्या आरोळ्यांत गाणे बुडून जात होते. जिथे शेजारच्या वादकाचा सूर कानावर पडत नाही, तिथे नवे काही करून पाहण्याला वावच उरत नाही. दुसरीकडे, स्टुडिओत ते जे निर्माण करू लागले होते ते चौघांना मंचावर उभे करता येण्यासारखे राहिले नव्हते. 1966 च्या ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात त्यांचा अखेरचा दौरा झाला. पण त्या दौऱ्यात या नव्या अल्बममधले एकही गाणे वाजवले गेले नाही. 29 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले.

त्याच शहरात, त्याच सुमारास, उलट दिशेचा प्रवाह सुरू झाला होता. फिलमोरसारख्या सभागृहांत ध्वनियंत्रणा सुधारत होती, श्रोते रात्रभर थांबायला तयार होते, आणि ब्लूज व जॅझ ऐकून घडलेल्या वादकांना एका सुरावटीवर दीर्घकाळ विस्तार करण्याची ओढ होती. ग्रेटफुल डेडचे ‘डार्क स्टार’ 1968 मध्ये एकल म्हणून आले तेव्हा ते तीन मिनिटांहूनही छोटे होते. पुढच्या वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’ अल्बममध्ये तेच गाणे 23 मिनिटांचे झाले. ब्रिटनमध्ये ‘द हू’ या बँडने 14 फेब्रुवारी 1970 रोजी लीड्स विद्यापीठात वाजवलेले ‘माय जनरेशन’ मूळच्या सव्वातीन मिनिटांवरून पंधराच्या आसपास गेले आणि त्यात त्यांच्याच ‘टॉमी’ या अल्बममधले तुकडेही गुंफले गेले. डीप पर्पलने ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियो येथे केलेल्या कार्यक्रमांतून ‘मेड इन जपान’ तयार झाला, आणि त्यात ‘स्पेस ट्रकिन’’ साडेचार मिनिटांवरून जवळजवळ वीस मिनिटांवर पोचलेले आहे. हे विस्तार सभागृहातच विरून गेले नाहीत, तर अधिकृत अल्बम म्हणून घरोघर पोचले, ही गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. कारण त्यामुळे एकाच गाण्याची दोन प्रमाण रूपे श्रोत्यांच्या कानांत बसली आणि मंचावरचे रूप अधिक चांगले असू शकते, ही शक्यता पहिल्यांदाच सर्वमान्य झाली.

या स्वातंत्र्याला पहिला लगाम घातला तो ध्वनिफितीने. द हूच्या 1971 च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममध्ये बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने लॉरी ऑर्गन आणि सिंथेसायझर यांच्या आधारे सतत फिरत राहणाऱ्या सुरावटी रचल्या होत्या. त्या मंचावर हाताने वाजवणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून ‘वोंट गेट फूल्ड अगेन’ आणि ‘बाबा ओ’रायली’ ही गाणी आधी मुद्रित केलेल्या फितीसोबत वाजवली जाऊ लागली. फितीची लय माणसासाठी थांबत नाही आणि पुढेही धावत नाही. परिणामी कीथ मूनसारख्या उसळत्या, लयीशी खेळणाऱ्या ड्रमरला कानांवर हेडफोन चढवून तिच्या मागे जावे लागले, आणि त्याच्यामागून सगळ्या बँडला. 1973 च्या ‘क्वाड्रोफीनिया’ दौऱ्यात फितींवरची भिस्त आणखी वाढली, त्यांच्यातल्या बिघाडांनी कार्यक्रम विस्कळीत झाले आणि काही गाणी लवकरच वगळली गेली. लीड्सला गाणे पाचपट ताणणाऱ्या त्याच बँडची ही दोन गाणी आता जवळजवळ ठरलेल्या मापाची झाली होती.

‘बाबा ओ’रायली’ या शीर्षकातले ‘बाबा’ म्हणजे मेहेर बाबा. पुण्यात जन्मलेल्या आणि अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला समाधिस्थ असलेल्या या सत्पुरुषाचा टाउनशेंड अनुयायी. शीर्षकाचा दुसरा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्यावरून आला आहे. गाण्याच्या शेवटचा व्हायोलिनचा जलद भाग ध्वनिमुद्रणासाठी डेव्ह आर्बस यांनी वाजवला. दौऱ्यावर व्हायोलिनवादक नसल्यामुळे गायक रॉजर डॉल्ट्री तो हार्मोनिकावर वाजवू लागला, आणि ही तडजोड इतकी रुळली की मैफलींच्या श्रोत्यांना हार्मोनिकाच मूळची वाटावी. 2019 च्या दौऱ्यात वाद्यवृंद सोबत आल्यावर व्हायोलिन परतले. त्याच दौऱ्यात टाउनशेंड आणि डॉल्ट्री ‘वोंट गेट फूल्ड अगेन’ फक्त एका अकूस्टिक गिटारवर सादर करत. जी सुरावट फितीशिवाय अशक्य मानली गेली होती, तिच्यावाचून गाणे उभे राहिले आणि त्यातले शब्द कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले. द हूच्या उत्तरकाळातला हा मला सर्वांत मोलाचा बदल वाटतो.

क्वीनने याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (1975) मधला ऑपेरासदृश भाग आवाजांचे थरावर थर चढवून बनवलेला होता आणि चौघांच्या गळ्यातून तो मंचावर निघणे अशक्य होते. म्हणून त्या भागापुरता बँड मंचावरून आत जाई, फीत वाजे, आणि पुढच्या जोरकस भागाला सगळे परत येत. 13 जुलै 1985 च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत तर सुरुवातीचा भाग गाऊन ते थेट पुढच्या गाण्याकडे वळले. मात्र ‘लव्ह ऑफ माय लाइफ’च्या बाबतीत त्यांनी काहीच जपण्याचा हट्ट धरला नाही. ध्वनिमुद्रिकेवरचा पियानो आणि हार्प बाजूला ठेवून ब्रायन मेच्या बारा तारांच्या गिटारवर हे गाणे आले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने त्यातल्या ओळीच्या ओळी श्रोत्यांच्या हवाली केल्या. पुढे श्रोते गाणार हे गृहीत धरूनच गाण्याची रचना होऊ लागली.

गाणे मुळातून नव्याने बांधण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला होता. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी येथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा मुद्रित केली. ही मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडले. पण ती कल्पना त्या दोघांनी सोडलेली नव्हती, हे 1994 च्या ‘नो क्वार्टर’ प्रकल्पात दिसले. तिथे इजिप्शियन वादकांच्या साथीने त्यांनी झेपेलिनची जुनी गाणी नव्या अंगाने मांडली.

तोपर्यंत 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या, विजेवर न चालणाऱ्या वाद्यांवर गाणी सादर करण्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने अशा पुनर्रचनेला मोठी बाजारपेठ मिळवून दिली होती. एरिक क्लॅप्टनने जानेवारी 1992 मध्ये ‘लैला’ संथ, झुलत्या ठेक्यात आणि खालच्या स्वरांत गायले. 1970 च्या रूपातला आकांत नाहीसा झाला आणि त्या जागी समजूतदार खिन्नता आली. 1994 मध्ये पुन्हा एकत्र आलेल्या ईगल्सने ‘होटेल कॅलिफोर्निया’च्या आरंभी डॉन फेल्डरच्या नायलॉनच्या तारांच्या गिटारचा दीर्घ आलाप आणि तालवाद्ये घातली. आज अनेक श्रोत्यांना या गाण्याची ओळख 1976 च्या अल्बममधून न होता याच रूपातून झालेली असते.

राहिला गळ्याचा प्रश्न. पट्टी उतरवणे बाहेरून वाटते तितके सोपे नसते. गिटारवरच्या बऱ्याचशा प्रसिद्ध सुरावटी मोकळ्या तारांवर अवलंबून असतात. बोटे दुसरीकडे सरकवली की मोकळ्या तारेची गुंज हरवते. म्हणून सबंध वाद्यच अर्धा किंवा एक स्वर उतरवून लावले जाते, त्याने तारा सैल होतात आणि एकूण नाद अधिक जड होतो. 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिन पुन्हा एकत्र वाजले, तेव्हा 59 वर्षांच्या प्लांटसाठी काही गाणी अशीच उतरवली होती. मला त्यात उणेपण जाणवले नाही. प्लांट किंचाळण्याऐवजी शब्द सांभाळून गात होता आणि बँडचा नाद भारदस्त झाला होता. काही गाण्यांना मात्र हा उपाय पुरत नाही. डीप पर्पलच्या ‘चाइल्ड इन टाइम’ (1970) चा प्राण इयान गिलनच्या वर चढत जाणाऱ्या आरोळ्यांत आहे. त्या खाली आणल्या तर गाणेच उरत नाही, आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते कार्यक्रमांतून निघून गेले.

तरीही उंच स्वर टाळणे म्हणजे म्हातारपण, असे समीकरण मांडणे चूक आहे. मर्क्युरी ऐन भरात असतानाही दौऱ्यावर कित्येक उंच जागा खालून गात असे, कारण स्टुडिओत एक ओळ हवी तितक्या वेळा गाऊन उत्तम ती निवडता येते, तर दौऱ्यात तीच ओळ जवळजवळ रोज संध्याकाळी पहिल्याच प्रयत्नात गावी लागते. ‘होटेल कॅलिफोर्निया’ची चाल आधी ई मायनर या पट्टीत होती आणि ईगल्सचा गायक डॉन हेन्ली याच्या गळ्यासाठीच ती बी मायनरमध्ये आणली गेली, हेही येथे ध्यानात घ्यावे. गळ्याप्रमाणे पट्टी ठरवणे ध्वनिमुद्रणाच्या आधीच सुरू झालेले असते.

शब्द आणि माणसे बदलल्याने होणारे बदल याहून निराळे आहेत. रोलिंग स्टोन्सच्या ‘ब्राउन शुगर’ (1971) मध्ये गुलामगिरीचे आणि गुलाम स्त्रियांवरील अत्याचाराचे उल्लेख आहेत. गायक मिक जॅगरने त्यातले काही शब्द मंचावर पूर्वीच बदलले होते, आणि 2021 च्या अमेरिका दौऱ्यात हे गाणे यादीतूनच वगळले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सचे निधन झाले. स्नेअर या ड्रमवर आघात करताना हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलून घेण्याची त्याची लकब होती आणि त्या क्षणभराच्या रिकाम्या जागेत स्टोन्सच्या ठेक्याचा डौल होता. त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन अत्यंत समर्थ वादक आहे, पण गाणी आता अधिक घट्ट आणि ठाशीव ऐकू येतात.

ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांनी ध्वनिमुद्रिकेला मूळ मानणे फार पूर्वीच सोडले होते. मैफली टेप करणाऱ्यांसाठी 1984 पासून बँडने सभागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. हे श्रोते गाण्याबद्दल बोलताना अल्बमचे नाव न घेता तारीख आणि गाव सांगतात, आणि एका तारखेची दुसरीशी तुलना करतात. अशाच तारखांपैकी 8 मे 1977 ची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जतनासाठी दाखल करून घेतली आहे.