मांजराच्या डोळ्यांतली चिपडं

मांजर झोपून उठल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात थोडं तपकिरी, सुकलेलं चिपड दिसतं ते नॉर्मल आहे, पुसलं की संपलं. पण रोज पुसूनही डोळा पिचपिचाच राहतो, पिवळा-हिरवा चिकट स्राव येतो, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि बरं होऊन परत तेच सुरू होतं, तेव्हा मागे बरेचदा फेलाइन हर्पिसव्हायरस असतो.

हा व्हायरस मांजराला बहुतेक वेळा पिल्लू असतानाच लागतो. शिंका, डोळे येणं वगैरे होऊन पिल्लू बरं होतं, पण व्हायरस चेहऱ्याच्या नसेत आयुष्यभर दबून बसतो आणि घर बदललं, नवीन मांजर आणलं, बोर्डिंगला ठेवलं की काही दिवसांत डोळा पुन्हा वाहायला लागतो. माणसाला तो लागत नाही.

दुसरं कारण क्लॅमायडिया नावाचा जिवाणू. हा बरेचदा एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जातो, त्यावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण 4 आठवडे द्यावं लागतं आणि लोक नेमके आठवड्यात डोळा छान दिसला म्हणून बंद करतात. ही गोळी कोरडी देऊ नका, अन्ननलिकेत अडकून जखम होते, मागून सिरिंजने थोडं पाणी पाजा. पर्शियनचं वेगळं, चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूनलिका वाकडी असते म्हणून पाणी गालावर ओघळतं.

घरातले जुने ड्रॉप्स अजिबात टाकू नका, हे कळकळीने सांगतेय. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर ती खोल जाऊन डोळाच जाऊ शकतो. जखम नुसती बघून कळत नाही, डॉक्टर फ्लोरेसिन नावाच्या रंगद्रव्याची केशरी पट्टी टेकवतात आणि निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते. मांजर डोळा मिटून धरत असेल किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल तर त्याच दिवशी न्या.

पुसायला उकळून कोमट केलेलं पाणी आणि कापूस पुरतो. खपली ओढायची नाही, ओला कापूस मिनिटभर धरून ठेवला की ती आपोआप सुटते, मग नाकाकडून बाहेर पुसायचं, दुसऱ्या डोळ्याला नवीन कापूस.

नाकही चोंदलं असेल तर वास येत नाही म्हणून मांजर जेवण सोडतं, अशा वेळी मासळी जरा कोमट करून द्या, आणि अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं.