आटे गेलेला बोल्ट (ट्रकच्या ब्रेकचं काम)

बोल्ट आवळतोय, पाना फिरतोय, फिरतच राहतोय पण टाइट काही होत नाही, आणि बाहेर काढून बघितलं तर बोल्टच्या खाचांमधे स्प्रिंगसारखी बारीक तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजेच भोकातले आटे. गॅरेजात याला आटे गेले, स्लिप झाले किंवा बोल्ट फ्री झाला म्हणतात, आणि ट्रक-पिकअपच्या ब्रेकच्या कामात हे झालं की अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं.

आटे बहुतेक वेळा भोकातलेच जातात, कारण बोल्ट जास्त कडक असतो. डोक्यावर १०.९ लिहिलेला बोल्ट साधारण १००० मेगापास्कल ताण घेतो, आणि समोर बीड (ओतीव लोखंड) किंवा ॲल्युमिनियम असलं तर हरणार कोण हे ठरलेलंच आहे. बोल्ट दुकानात थोड्या पैशात मिळतो हो, भोक कुठे मिळतं?

कारणं बघायला गेलं तर गंज आहेच, कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या गाड्यांना तर खाऱ्या हवेने जरा जास्तच, पण खरं नुकसान हात करतो. एम १२ म्हणजे १२ मिमी जाडीचा बोल्ट १.७५, १.५ आणि १.२५ मिमी अशा तीन पिचमधे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) येतो आणि चुकीच्या पिचचा बोल्ट हाताने दोन-तीन आटे आत जातो सुद्धा, मग अडतो, मग हेल्परला वाटतं गंज असेल आणि तो हवेची गन लावतो, संपलं. तिरका चढलेला बोल्ट पण असाच जातो. अजून एक म्हणजे तेल, पाना मारताना आपण लावलेल्या जोरातला साधारण १० टक्केच बोल्ट ताणायला जातो, बाकीचा घर्षणात, त्यामुळे कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क (आवळायचा पिळाचा जोर) तेल लावलेल्या बोल्टला मारला की तो गरजेपेक्षा खूप जास्त ताणला जातो.

डिस्क ब्रेक असलेल्या पिकअपमधे सगळ्यात महत्त्वाचे बोल्ट म्हणजे कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रॅकेट नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) धरणारे दोन. ब्रेक दाबला की डिस्क पॅडना ओढते, पॅड ब्रॅकेटला आणि ब्रॅकेट या दोन बोल्टना, म्हणजे त्या चाकाचा सगळा ब्रेक इथे येऊन थांबतो. एक बोल्ट ढिला झाला तर कॅलिपर दुसऱ्यावर लटकून रिमला लागू शकतो. म्हणून "तीन चतुर्थांश आटे धरतायत की, चालेल" हे इथे चालत नाही.

दुरुस्तीची चांगली पद्धत म्हणजे इन्सर्ट, आपल्याकडे सगळ्यालाच हेलिकॉइल म्हणतात, ते खरं तर ब्रँडचं नाव आहे. स्टेनलेस स्टीलच्या शंकरपाळ्यासारख्या काटछेदाच्या तारेची ही गुंडाळी असते. खराब भोक मोठ्या ड्रिलने साफ करायचं, एम १२ ला साधारण साडेबारा मिमीच्या आसपास, किटवर लिहिलेलं असतं तेच वापरायचं. मग किटमधला खास टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारायचा, अर्धा फेरा पुढे आणि थोडा मागे म्हणजे चुरा तुटतो. मग गुंडाळी टूलवर चढवून आत फिरवायची, ती पृष्ठभागाच्या पाव-अर्धा आटा खाली गेली पाहिजे, आणि आडवं शेपूट तोडून बाहेर काढायचं. गुंडाळी भोकापेक्षा किंचित मोठी असते म्हणून स्वतःच फुगून बसते, आणि मऊ धातूत ही जोड मूळ आट्यांपेक्षा भक्कम ठरते, हे लोकांना खोटं वाटतं पण तसंच आहे.

सगळी गोम ड्रिल सरळ जाण्यात आहे. गाडीखाली आडवं पडून हॅंडड्रिलने सरळ भोक पाडणं म्हणजे नशीब, म्हणून नकल उतरवून ड्रिल मशीनवर नेली तर बरं, वेळ जातो पण बोल्टचं डोकं ब्रॅकेटवर सपाट टेकतं. तिरकं बसलं तर बोल्ट वाकून ताणला जातो. पातळ भिंतीच्या भोकात किंवा जास्त ताण येणाऱ्या जागी टाइम-सर्टसारखी भरीव बुशिंग जास्त चांगली, महाग पण पडते.

वेल्डिंग करून पुन्हा भोक पाडणारे बरेच आहेत. बिडाला नीट गरम न करता वेल्ड मारला तर बाजूला तडा जातो, तो दिसत पण नाही, त्यामुळे ब्रेकच्या भागाला तरी नकोच. आट्यात तांब्याची तार किंवा एम-सील भरणं याला दुरुस्ती म्हणूच नये.

व्हील स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो) मात्र दुरुस्त करत बसायचा नाही, ठोकून बाहेर काढून नवा प्रेस करायचा, काही जुन्या ट्रकना डाव्या बाजूला उलटे आटे असतात एवढं लक्षात ठेवून. ब्लीडर निप्पलचे (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) आटे गेले तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरच बदलायचा, तिथे ब्रेक ऑइलचा दाब असतो.

एक गंमत राहिली, हेलिकॉइलच्या टॅपवर पण एम १२ च लिहिलेलं असतं पण तो साध्या टॅपपेक्षा जाड असतो. दोन्ही एकाच डब्यात ठेवू नका, एखादा पोरगा साफसफाईसाठी तोच टॅप चांगल्या भोकात घालून बसेल.