बहुभक्षी कीड आणि यजमान-वंश: तुरीवरची अळी हरभऱ्यावरच्या अळीहून वेगळी असते का?

सोलापूर जिल्ह्यात थंडी पडू लागते तेव्हा तुरीच्या शेंगा भरत असतात आणि शेजारच्या वावरात हरभरा घाट्यांवर येत असतो. हरभऱ्यात तोंड आत खुपसून निम्मे अंग घाट्याबाहेर ठेवणारी घाटेअळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी हिरवी अळी ही एकाच किडीची, हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची, रूपे आहेत. तिचा रंग हिरवा, पिवळसर, तपकिरी असा पालटत असल्याने प्रत्येक पिकाची अळी निराळी असावी, असे वाटणे साहजिक आहे. बहुभक्षी कीड (अनेक पिकांवर जगणारी एकच कीड) आणि यजमान-वंश (एकाच जातीतले, पण ठरावीक पिकाला धरून राहणारे आणि बहुतांशी आपापसांतच मीलन करणारे गट) यांची गल्लत होते ती नेमकी इथे.

घाटेअळी बहुभक्षी आहे. तिचा पतंग लांबवर उडतो, तुरीवर वाढलेली मादी खुशाल हरभऱ्यावर अंडी घालते आणि नर-मादीची गाठ पडताना कोण कोणत्या पिकावर वाढले याला फारसे महत्त्व नसते. त्यामुळे जनुकांची देवाणघेवाण अखंड चालू राहते आणि पिकानुसार ठळक आनुवंशिक फूट सहसा आढळत नाही.

यजमान-वंशात ही देवाणघेवाण आटते. याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतील ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला या फळमाशीचे आहे. मुळात हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर जगणारी ही माशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सफरचंदावर आली आणि 1867 मध्येच कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी त्यातून नवा प्रकार घडत असल्याचे सुचवले. या माश्यांचे मीलन फळावरच होते, सफरचंदे हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतात आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. म्हणजे फळ निवडले की जोडीदारही बहुतांशी ठरला. तरीही दर पिढीत सुमारे 4 ते 6 टक्के सरमिसळ होतेच, म्हणून हे वंश आहेत, अद्याप वेगळ्या जाती नव्हेत.

2018 मध्ये भारतात आणि त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी मात्र कोणत्याच चौकटीत नीट बसत नाही. तिच्या मायदेशी मका-वंश आणि भात-वंश असे दोन वंश असून ते दिसायला सारखेच, पण रात्री मीलनाच्या त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. आफ्रिका-आशियात पोहोचलेल्या अनेक अळ्यांमध्ये मायटोकाँड्रियाची (म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएतील) खूण भात-वंशाची, तर पेशीच्या केंद्रकातील (आई-वडील दोघांकडून येणाऱ्या डीएनएतील) खूण मका-वंशाची निघते. एकाच खुणेवरून वंश ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

फरक ओळखायचा तर अंड्यांची अदलाबदल करावी. तुरीवरची अंडी हरभऱ्यावर वाढवून रंग आणि वाढीतला फरक नाहीसा झाला, तर तो अन्नाचा परिणाम होता. नमुनेही एकाच शिवारातले हवेत. तूर बार्शीची आणि हरभरा मंगळवेढ्याचा घेतला, तर सापडलेला फरक पिकाचा की अंतराचा, हे कळणार नाही.

फवारणीच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही. कीड बहुभक्षी असेल तर न फवारलेल्या पिकांवरचे पतंग औषधाला दाद न देणाऱ्या पतंगांशी संकर करून प्रतिकारशक्तीचा फैलाव मंदावतात. चीनमध्ये बीटी कपाशीच्या बाबतीत इतर पिकांचा असाच उपयोग झाला. पण याच मोकळ्या मिश्रणामुळे एकाने तुरीवर फवारून-फवारून घडवलेली प्रतिकारशक्ती कधीच न फवारणाऱ्याच्या हरभऱ्यातही उतरते.