उटणे, पपई आणि दुधीचा रस: पुण्यातल्या घरगुती उपचारांची पार्श्वभूमी

दिवाळी आठवड्यावर आली की रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत नागरमोथा, गव्हला कचरा, वाळा, आंबेहळद यांच्या पुड्या बांधायची घाई उडते. त्याच सुमारास मोबाइलवर लिंबू, टोमॅटो, कच्चा बटाटा, पपई चेहऱ्याला चोळण्याचे सल्ले फिरू लागतात आणि सगळ्यांवर एकच शिक्का बसतो, 'आजीबाईचा बटवा'. पण हे सगळे एका बटव्यातले नाही. पुण्यात आज जे चालते त्यात तीन वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. प्रत्येकीचे माप आणि पथ्य वेगळे होते. ते गळून पडले की त्रास सुरू होतो.

सर्वांत जुने उटणे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या दिनचर्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि मग स्नान असा क्रम येतो. उद्वर्तन म्हणजे अंगाला चूर्ण चोळणे. त्याने कफ आणि मेद कमी होतो, अंग घट्ट होते, त्वचा सतेज होते, असे तिथे म्हटले आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात यातला तेल आणि उटण्याचा क्रम आजही टिकून आहे: आधी कोमट तेल, मग उटणे. हा क्रम नुसत्या रिवाजाचा नाही. डाळीचे पीठ जास्तीचे तेल ओढून घेते आणि तेलामुळे पिठाची कणी त्वचेला खरवडत नाही. तेल न लावता कोरडे उटणे घासले तर पुण्याच्या कोरड्या थंडीत अंग हमखास फुटते.

घरी करायचे तर मसुरीच्या डाळीचे पीठ २०० ग्रॅम, संत्र्याच्या सालीची पूड ५० ग्रॅम, नागरमोथा, गव्हला कचरा आणि वाळा प्रत्येकी २५ ग्रॅम, आंबेहळद १० ग्रॅम एवढे माप पुरते. साल सावलीत वाळवावी; वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे, आणि त्या ओलीने डब्यात पंधरा दिवसांत जाळी धरते. वाळ्याच्या मुळ्या कात्रीने बारीक कापून मगच मिक्सरला लावाव्यात, नाहीतर त्यांचे तंतू पात्याला गुंडाळतात. शेवटी सगळे वस्त्रगाळ करावे. चाळणीतून सुटलेली रवाळ कणीच पुढे चेहऱ्यावर ओरखडे काढते. लावताना दोन चमचे उटणे दुधात किंवा पाण्यात कालवावे आणि अर्धवट ओले असतानाच चोळून काढावे.

काही तयार मिश्रणांत बावची ही औषधी वनस्पती असते. ती वैद्याच्या देखरेखीत वापरायची वस्तू आहे. बावचीतल्या सोरालेनमुळे त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते, लाल होते, फोडही येतात. लिंबाच्या सालीत आणि रसातही त्याच कुळातली द्रव्ये असतात. लिंबू चोळून उन्हात गेल्यावर उमटणारे आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळपट डाग त्यातूनच येतात. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) दोन-अडीचच्या आसपास असतो, तर त्वचेचा साधारण पाच.

दुसरा प्रवाह समुद्रावरून आला. पपई, पेरू, सीताफळ, टोमॅटो, बटाटा ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आले १४९८ मध्ये. ही झाडे त्यानंतरची. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. शनिवारवाड्यासमोरचा भाजीबाजार उठून १८८६ मध्ये रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, सुरू झाले. तिथल्या गाळ्यांवर आज वांग्या-दुधीशेजारी टोमॅटो-बटाट्याचे ढीग इतके मुरलेले दिसतात की हे पाहुणे आहेत हे लक्षातही येत नाही. म्हणून पपईच्या लेपाला 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणणे चूक आहे. लेप चुकीचा आहे असे मात्र नाही. पिकलेल्या पपईचा गर दहा मिनिटे लावून धुतला तर बहुतेकांना सोसतो. कच्च्या पपईचा चीक लावू नये. त्यातले पपेन प्रथिने तोडते. मटण मऊ पडावे म्हणून कच्ची पपई लावतात ती याचसाठी, आणि चेहऱ्याची कातडीही प्रथिनांचीच असते.

तिसरा प्रवाह निसर्गोपचाराचा. माती, पाणी, उपवास, फळे आणि कच्च्या भाज्या यांवर भर देणारी ही पद्धत मुख्यतः जर्मनीतून आली आणि गांधीजींमुळे तिला पुण्यात घर मिळाले. ताडीवाला रस्त्यावरच्या निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयात १८ नोव्हेंबर १९४५ रोजी ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्टची स्थापना झाली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला गेले, तिथे आश्रम उभा राहिला आणि त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. ताडीवाला रस्त्यावरच्या त्याच जागेत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. या पद्धतीत रस हा आखलेल्या आहाराचा भाग असतो. किती दिवस घ्यायचा, त्यासोबत काय बंद ठेवायचे, हे रुग्ण पाहून ठरते.

सकाळी फिरून आल्यावर बागेबाहेर उभ्याउभ्या प्यायचा दुधी-आवळा-गाजराचा रस इथूनच आला, पण येताना ती देखरेख मागे राहिली. कडू दुधीत कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असते. त्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होतो, आणि असा रस पिऊन माणसे दगावलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञ समिती नेमली होती. भाजी करताना कडू दुधी जिभेला लगेच कळतो. रसात आवळा, पुदिना, आले, काळे मीठ पडले की तो कडवटपणा झाकला जातो, खरा धोका इथे आहे. म्हणून किसण्याआधी दुधीच्या देठाकडची चकती कापून जिभेला लावून पाहावी. किंचितही कडू लागली तर थुंकून चूळ भरावी आणि अख्खा दुधी टाकून द्यावा, कडू भाग कापून उरलेला वापरू नये. गाडीवर रस घ्यायचा असेल तर आधी फक्त दुधीचा एक घोट मागावा, बाकीचे त्यानंतर घालायला सांगावे.