डोक्याच्या दोन इंच वर

माझदा मियाटा या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारचा कापडी टप मागे दुमडला की डोक्यावर फक्त आकाश उरतं. त्यासाठीच तर लोक ही गाडी घेतात. पण हीच गाडी ट्रॅक डेला नेली, म्हणजे शर्यत नसली तरी बंदिस्त ट्रॅकवर मनसोक्त वेगात पळवायला नेली, की एक प्रश्न उभा राहतो: गाडी उलटली तर तिचं वजन कशावर पेलायचं? समोरच्या काचेच्या चौकटीवर विसंबू नका, असं या गाडीचे सगळे जुनेजाणते सांगतात. म्हणून सीटच्या मागे जाड नळीची एक कमान बसवतात. तिला रोल बार म्हणतात. आज ती साधी, उघड गोष्ट वाटते, पण तिथवर यायला मोटार शर्यतीच्या जगाला बराच काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्पोर्ट्स कारच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या गावच्या रस्त्यांवरच. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला १९४८ साली अशी पहिली शर्यत झाली. गाड्या उघड्या असत, चालकाला सीटचा पट्टा नसे, वर बार नसे. अपघात झालाच तर गाडीबाहेर फेकलं जाणं बरं, असा तेव्हाचा समज होता. आज तो वेडेपणा वाटतो, पण त्यामागे एक तर्क होता. टप नसलेल्या गाडीत पट्टा बांधून बसायचं आणि ती उलटली तर तिच्याखालीच सापडायचं, याला कोण तयार होणार? १९५० मध्ये याच वॉटकिन्स ग्लेनला सॅम कॉलियर यांची फेरारी रस्ता सोडून उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेनं १९५४ मध्ये कमरेचा पट्टा सक्तीचा केला. एकदा माणसाला सीटला बांधलं की त्याच्या डोक्यावर काहीतरी भक्कम हवंच. पट्टा आणि बार हे असे एकमेकांना बांधलेले आहेत आणि आजही दोघांपैकी एकटं कुणी पुरेसं नाही.

फॉर्म्युला वनमध्ये रोल बार १९६१ पासून सक्तीचा झाला. त्या काळचे फोटो जरूर पाहावेत. बार आहे, पण चालकाचं हेल्मेट त्याच्यापेक्षा उंच! गाडी उलटली तर जमिनीला आधी डोकं लागणार आणि मग बार. नियम पाळला गेला होता, उद्देश मात्र साधला नव्हता. बारच्या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बार आहे का, हा पहिला प्रश्न झाला. तो डोक्याच्या वर आहे का आणि भार पडल्यावर तिथेच टिकतो का, हे खरे प्रश्न. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्याच लॅपमध्ये झोऊ ग्वान्यूची अल्फा रोमिओ उलटी घसरत गेली, तेव्हा त्याच्या डोक्यामागची कमान तुटली. त्याला वाचवलं ते २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या ‘हेलो’ या चालकाच्या डोक्याभोवतीच्या कड्यानं. त्यानंतर कमानीचे नियम आणि चाचण्या पुन्हा कडक झाल्या.

रस्त्यावरच्या गाड्यांत हा विचार दुसऱ्या वाटेनं आला, कायद्याच्या धाकानं. साठच्या दशकात अमेरिकेत वाहन सुरक्षेची मोहीम जोरात होती आणि १९६६ मध्ये केंद्रीय कायदाही आला. उघड्या गाड्यांवर बंदी येणार, असा धसका युरोपातल्या कंपन्यांनी घेतला. पोर्शनं १९६५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९११ टार्गा मांडली ती याच धसक्यातून. सीटमागे स्टेनलेस स्टीलची रुंद, पक्की कमान आणि वरचा टप काढता येणारा. गाडीच्या आराखड्यातच रोल बार घातला होता. ट्रायम्फची टीआर७ तर १९७५ साली बंद टपासहच बाजारात आली, तिची उघडी आवृत्ती चार वर्षांनी निघाली. प्रत्यक्षात बंदी कधी आलीच नाही. टपाच्या मजबुतीच्या अमेरिकी मानकातून उघड्या गाड्या वगळल्या गेल्या. पण भीतीनं आपलं काम केलं होतं. कॅडिलॅकनं १९७६ ची एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली आणि १९८० मध्ये इंग्लंडात एमजीबीचं उत्पादन थांबलं. छोटी, स्वस्त, उघडी स्पोर्ट्स कार जवळजवळ नाहीशी झाली.

ती पोकळी मियाटानं भरली. बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकारानं १९७९ मध्ये माझदाचे केनिची यामामोटो यांच्याकडे हलक्या दोन सीटच्या गाडीची कल्पना मांडली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली: १.६ लिटरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन टनाच्या आत. त्याच वर्षी मर्सिडीजनं आपल्या महागड्या एसएलमध्ये गाडी उलटू लागताच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात वर उसळणारा बार दिला. स्वस्त मियाटात तसलं काही बसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बाहेरच्या बनवणाऱ्यांनी नळ्या वाकवायला घेतल्या आणि हार्ड डॉगसारखी नावं मियाटावाल्यांच्या तोंडी बसली.

ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण आपल्याकडच्या हौशी जीपवाल्यांचे चकचकीत बार सगळ्यांनी पाहिलेत. पातळ नळी आणि टोकाला चार बोल्ट, असला शोभेचा बार मियाटासाठीही मिळतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण तो बघणाऱ्याला खोटा दिलासा देतो. कामाचा बार बहुधा डीओएम, म्हणजे साच्यावरून ओढून बनवलेल्या पोलादी नळीचा असतो, पावणेदोन इंच व्यासाचा आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा. मुख्य कमानीच्या आत एक तिरपी नळी हवी आणि मागे जाणारे दोन पाय हवेत, नाहीतर भार आल्यावर कमान आडवी होते. पायांखाली पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनं जाड प्लेट लावून बोल्ट आवळतात, म्हणजे पाय पातळ पत्रा फाडून आत घुसत नाहीत. भोकं पाडताना सर्वांत जपायचं ते इंधनाच्या टाकीला. पहिल्या पिढीच्या मियाटात टाकी सीटमागच्या फळीखालीच आहे. ड्रिल किती खोल जाणार, हे आधी ठरवल्याशिवाय सुरुवात करू नये.

मग पुढेही नळ्या घालून पूर्ण पिंजरा, म्हणजे रोल केज, का नको? स्पेक मियाटा या शर्यतीच्या वर्गात तो लागतोच. पण जी गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची आहे तिच्यात नको. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही आणि साध्या धडकेतही डोकं पोलादी नळीवर आपटू शकतं. मागच्या बारवरसुद्धा डोक्याजवळ कडक, दाट पॅडिंग लागतं. मऊ स्पंज बोटानं दाबून बरा वाटतो, तेवढाच. उलट बाजूनं, शर्यतीचे खांद्यावरचे पट्टे बारशिवाय लावू नयेत. ते शरीराला ताठ धरून ठेवतात, गाडी उलटल्यावर बाजूला झुकायलाही वाव राहत नाही.

ट्रॅकवर उंची तपासायची रीत मात्र अगदी घरगुती आहे. चालकाला हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसवतात आणि बारपासून काचेच्या चौकटीपर्यंत एक सरळ काठी ठेवतात. हेल्मेट काठीला लागलं तर गाडी आत जात नाही. याला तिकडे झाडूच्या दांड्याची परीक्षा म्हणतात. शर्यतीच्या नियमांत बारचा माथा हेल्मेटच्या दोन इंच वर लागतो. २००५ नंतरच्या मियाटात सीटमागे कंपनीनंच कमानी दिल्या आहेत, पण अनेक क्लब त्या पुरेशा मानत नाहीत. बार फार उंच केला तर टप बसत नाही, म्हणून बनवणारे त्याला कापडाच्या अगदी खाली आणून ठेवतात. सहा फुटी माणसाचं तेवढ्यानं भागत नाही. मग तो सीटचं कव्हर उसवतो, आतला फोम सुरीनं इंच दीड इंच कापून काढतो, कव्हर पुन्हा चढवतो आणि हेल्मेट घालून बसून बघतो.