ड्यूट्झिया, नाजूक
(लॅ. ड्यूट्झिया ग्रॅसिलिस, कुल–हायड्रेंजिएसी). मूळचे जपानमधील हे पानझडी झुडूप ०.६ ते १.२ मी. उंच वाढते. समशीतोष्ण हवामानाच्या बागांत ते पांढऱ्या फुलांसाठी लावतात. ॲम्स्टरडॅमचे योहान व्हान डर ड्यूट्झ हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांचे आश्रयदाते होते. त्यांच्या सन्मानार्थ थुनबर्ग यांनी ‘ड्यूट्झिया’ हे प्रजातीचे (वंशाचे) नाव ठेवले.

फांद्या बारीक, पोकळ व कमानदार असून पाने समोरासमोर, भाल्यासारखी आणि दातेरी असतात. वसंताच्या अखेरीस पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोस इतके दाट येतात की फांद्या झाकून जातात. हा बहर दोनेक आठवडेच टिकतो. एरवी झुडूप साधे दिसते. म्हणूनच ते एकटे लावण्यापेक्षा वाफ्याच्या कडेला किंवा ठेंगण्या कुंपणासाठी ओळीने लावलेले अधिक शोभते.

माती कसदार व पाण्याचा निचरा होणारी असावी. भरपूर ऊन मिळाले की फुले जास्त येतात. कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात मात्र दुपारची सावली मानवते. पहिली एक-दोन वर्षे मुळे नीट रुजेपर्यंत नियमित पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. कीड-रोगांचा उपद्रव फारसा होत नाही.

खरे कौशल्य छाटणीच्या वेळेत आहे. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या यंदाच्या वाढीवरच तयार होतात आणि हिवाळाभर उघड्या फांद्यांवर सुप्त राहतात. हिवाळ्यात बाग आवरताना झुडूप कापून गोल केले, तर त्यासोबत पुढचा बहरही कापला जातो. निरोगी झुडपाला फुले का येत नाहीत, याचे कारण पुष्कळदा हेच असते. छाटणी बहर ओसरताच करावी. फुलून गेलेल्या फांद्या खालच्या जोमदार फुटव्यापर्यंत कापाव्यात व सर्वांत जुन्या फांद्यांपैकी काही दरवर्षी जमिनीलगत काढाव्यात. थंडीने वाळलेले शेंडे मात्र पालवी फुटल्यावर, मेलेला भाग स्पष्ट दिसू लागताच कापता येतात.

‘निक्को’ हा ठेंगणा प्रकार सुमारे ६० सेंमी. उंच राहून आडवा पसरतो. उतारावर जमीन झाकण्यास तो विशेष उपयोगी आहे. जमिनीला टेकलेल्या त्याच्या फांद्यांना आपोआप मुळे फुटतात व त्या तोडून नवी रोपे करता येतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या फांद्यांची छाटकलमेही सहज जगतात.